अजगराचा उपास

‘अजगर’ या शब्दाची फोड सोपी आहे. अज म्हणजे बोकड आणि गर म्हणजे गिळणारा. ज्याचे नावच खाण्यावरून पडले, तो प्राणी एके दिवशी खाणे बंद करतो आणि समोर ठेवलेल्या उंदराकडे आठवडेच्या आठवडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी त्याला पाळणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. आपल्याकडे घरात साप पाळायची रीत नाही आणि देशी साप पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत मात्र साप हा आता घरचा प्राणी झाला आहे. तिथल्या साप पाळणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येणारा प्रश्न म्हणजे, आमचा साप जेवत नाही, काय करू?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो भाचीमुळे. ती इंग्लंडात रेडिंगला असते आणि तिच्याकडे चार वर्षांचा एक नर बॉल पायथन आहे. मी प्राणिशास्त्र शिकलेला माणूस नाही. पंचवीसेक वर्षे सापांवरचे शोधनिबंध आणि अहवाल मिळतील तसे जमवून वाचत आलो, एवढेच. जानेवारीत तिचा फोन आला. “मामा, ऑक्टोबरपासून त्याने काही खाल्लेलं नाही. तूच सांग आता काय करू.” तिची आजी, म्हणजे माझी आई, मिरजेत शेजारीच बसून ऐकत होती. ती म्हणाली, “अगं, थोडं दूध देऊन बघ की.”

दुधाचा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला तो दूध पिताना दिसतो, कारण त्याला आधी बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते आणि तहानेला प्राणी समोर येईल ते प्यायला लागतो. भाचीने काही दूध दिले नाही. पण आजीच्या सल्ल्यामागची भावना आणि युरोप-अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांची घालमेल यांत मला फार अंतर दिसत नाही. पाहुणा जेवला नाही की आपण आग्रह करतो, मूल जेवले नाही की मागे धावतो. आपण उष्ण रक्ताचे प्राणी. दोन दिवस अन्न चुकले तर आपले शरीर कुरकुरू लागते, आणि हाच हिशेब आपण सापाला लावतो. माझ्या वाचनाचा निष्कर्ष असा, की न खाणाऱ्या अजगराचे खरे हाल सुरू होतात ते त्याला खायला घालण्याच्या या घाईतून.

बॉल पायथन हा आफ्रिकेतला लहान चणीचा अजगर. लांबी साधारण चार-पाच फूट. जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गवैज्ञानिकाने १८०२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले; त्याचे आजचे शास्त्रीय नाव पायथन रेजिअस. म्हणून ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. घाबरला की डोके आत घेऊन तो शरीराचा घट्ट चेंडू करतो, त्यावरून अमेरिकेत ‘बॉल’ हे नाव पडले. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात तो राहतो. दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून त्याची परदेशी निर्यात मोठ्या प्रमाणावर झाली. रानातून थेट पकडून आणलेले हे साप न खाण्यासाठी पहिल्यापासून कुप्रसिद्ध होते. पुढे पाळीव पैदास वाढली, रंगीबेरंगी वाण निघाले आणि अवघड साप म्हणून असलेली त्याची ख्याती थोडी कमी झाली. पण खोड गेली नाही.

आणि ती खोड म्हणावी का, हाही प्रश्नच आहे. रानातल्या बॉल पायथनचे वर्ष खाण्याच्या दिवसांनी भरलेले नसते. विणीच्या हंगामात नर मादीच्या शोधात असतो आणि भक्ष्याकडे त्याचे लक्ष नसते. गाभण मादी खात नाही. अंडी घातल्यावर ती त्यांना विळखा घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हाही बहुधा उपाशीच असते. कात टाकण्याच्या आधी डोळे दुधाळ होतात, नजर अधू होते, त्या आठवड्यातही साप सहसा तोंड उघडत नाही. पेटीत जन्मलेल्या आणि आफ्रिका कधीही न पाहिलेल्या नरालाही हिवाळा आला की हे ऋतुचक्र आठवते. तीन-चार महिन्यांचा खाडा धडधाकट वाढलेल्या नराच्या बाबतीत अगदी नेहमीचा आहे.

मग तो जगतो कसा? याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत फार सुंदर रीतीने उलगडले आहे. स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरावर काम केले. हा अजगर आपल्या रानातल्या भारतीय अजगराचा इतका जवळचा नातेवाईक, की २००९ पर्यंत त्याला त्याचीच उपजात मानत. सेकॉर-डायमंड यांना असे दिसले, की दोन जेवणांच्या मधल्या काळात अजगर आपली पचनसंस्था जवळपास बंद करून ठेवतो. आतडे आकसते, जठरात आम्ल तयार होणे थांबते. भक्ष्य गिळले की एक-दोन दिवसांत सगळा कारखाना पुन्हा उभा राहतो. आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, जठर आम्लाने भरते, आणि मोठ्या जेवणानंतर शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या काळातल्या खर्चाच्या चाळीस पटींच्या घरात जाऊ शकतो. शर्यतीत धावणाऱ्या घोड्याशी बरोबरी करणारा हा आकडा आहे, आणि तो आहे एका जागी पडून असलेल्या प्राण्याचा. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका निबंधाने दाखवले, की या काळात अजगराच्या हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढते. काम संपले की हृदय पुन्हा मूळ आकाराला येते. रोज चूल पेटवणे ज्याला परवडत नाही असा हा संसार आहे. रोज चूल पेटवायला लावणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत.

दुसरे काम मार्शल मॅक्यू यांचे, २००७ चे. त्यांनी तीन जातींच्या ६२ सापांना जवळपास सहा महिने उपाशी ठेवून मोजमापे घेतली. त्या तिघांत बॉल पायथनही होता. (प्रयोग कठोर वाटेल, पण रानात या सापांवर एवढी वेळ येतेच.) सापांनी विश्रांतीतला ऊर्जाखर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी कमी केला. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे उपाशी असतानाही ते लांबीने वाढले. साठवलेली चरबी जाळत, प्रथिने शक्य तितकी राखत, ते थोडक्यात भागवत होते.

आपल्या परंपरेने अजगराचा हा गुण फार आधी हेरला होता. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत नववा अजगर आहे. जे आपोआप समोर येईल ते खावे, न आले तर कितीही दिवस धडपड न करता पडून राहावे, हा त्याचा धडा. महाराष्ट्राने त्या अवधूताला दत्तात्रेय मानले, आणि एकनाथांनी त्याच स्कंधावरची आपली टीका शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केली. महाभारताच्या शांतिपर्वात तर प्रल्हादाशी बोलणारा एक आजगरव्रती मुनीच आहे. आळशी माणसाला ‘अजगर’ म्हणायची सवय आपल्याला लागली ती नंतर कधीतरी. ज्या कोणी अजगराला गुरूच्या पंक्तीत बसवले, त्याने एखादा अजगर बराच काळ, हस्तक्षेप न करता पाहिला असावा, असे मला वाटते.

हस्तक्षेप न करणे हेच पाळणाऱ्याला जमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात रेमंड डिटमार्स हे सापांच्या विभागाचे प्रमुख होते. खाणे नाकारणाऱ्या एका प्रचंड अजगराला माणसांच्या रांगेने ताणून धरायचे आणि एकमेकांना बांधलेले मेलेले ससे बांबूच्या काठीने त्याच्या घशात ढकलायचे, असा उपचार तिथे होत असे. त्याची छायाचित्रे तेव्हा लोक कौतुकाने पाहत. डिटमार्स सापांवर प्रेम करणारा माणूस होता, त्याला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. आज सरीसृपांचे जाणकार डॉक्टर बळजबरीने भरवणे हा शेवटचा उपाय मानतात आणि तो स्वतःच्या हातांनी करतात. घरी कुणी केला तर तोंडाला जखमा होतात, अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि घाबरलेला साप गिळलेले ओकून टाकतो. एक वांती सापाला कितीतरी दिवसांच्या उपासापेक्षा महागात पडते, कारण आम्ल, पाणी आणि क्षार सगळे एकदम जाते. त्यानंतर किमान दोन आठवडे त्याला अन्न दाखवूही नये.

तर मग करायचे काय? मी भाचीला पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. तिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ऑक्टोबरात साप १,४२० ग्रॅम होता, जानेवारीत १,३६५. म्हणजे अडीच-तीन महिन्यांत चार टक्क्यांहूनही कमी घट. वाढलेल्या सापाचे वजन दहा टक्क्यांच्या पलीकडे घसरू लागले, तर डॉक्टर गाठावा, असा साधारण दंडक आहे. तोपर्यंत आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहायचे. ही वही फार कामाची. ‘खूप वाळलाय’ आणि ‘५५ ग्रॅम कमी झालाय’ या दोन वाक्यांत भीती आणि माहिती एवढा फरक आहे.

दुसरा प्रश्न उबेचा. सापाच्या पचनाचा विस्तव त्याच्या शरीरात नसतो, बाहेरून आणावा लागतो. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असावे लागते. या दोन टोकांमध्ये सरकत तो आपले तापमान राखतो. ऊब मिळाली नाही तर अन्न पोटात सडेल, हे त्याच्या शरीराला कळते आणि तो खातच नाही. इथे त्याचा नकार शहाणपणाचा असतो. भाचीने सांगितले, काचेला चिकटवलेला थर्मामीटर ३१ दाखवतो. पण साप काचेवर राहत नाही. मी तिला इन्फ्रारेड थर्मामीटरने तळ मोजायला सांगितले. साप ज्या खापरीखाली बसायचा तिथे २६.५ निघाले. खाली गादी तापत होती, पण वर भुशाचा थर जाड झाला होता, आणि रात्री घरातले हीटिंग बंद व्हायचे. हवेतला ओलावाही ५५-६० टक्क्यांच्या वर लागतो. इंग्लंडातल्या हिवाळ्यात तापवलेल्या घराची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा पाण्याचे भांडे मोठे हवे. अजगराचा उपास चालतो, निर्जळी चालत नाही.

तिसरी गोष्ट लपणाची, आणि हौशी लोक नेमके इथेच चुकतात. मोठी, उजेडाची, देखणी पेटी आपल्याला आवडते. वारुळात दिवस काढणाऱ्या प्राण्याला ती म्हणजे भर चौकात मांडलेले ताट. दोन्ही टोकांना एकेक लपण हवे, आणि तेही इतके घट्ट की पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकावी. काही साप केवळ एवढ्या बदलाने आठवड्याभरात खाऊ लागतात. याला जोड म्हणजे त्याला हातात घेणे बंद. नवीन घरात आलेल्या सापाला तर पहिले दहाएक दिवस कुणी हातही लावू नये. उपाशी सापाला रोज बाहेर काढून ‘कसा आहेस रे’ विचारणारे मालक मी पुष्कळ ऐकले आहेत. खाण्याची वेळ जवळ आली की हा प्रकार विशेष वाढतो.

मग येते भक्ष्य. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. अंधारात गरम रक्ताचा उंदीर त्याला जणू दिव्यासारखा दिसतो. या खाचांमागचा रेणू डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये ओळखला. ज्युलियस यांना पुढे २०२१ चे नोबेल मिळाले. पाळणारे लोक गोठवलेले, मेलेले उंदीर वापरतात आणि तेच बरोबर आहे. जिवंत उंदीर पेटीत रात्रभर सोडला आणि सापाला भूक नसली, तर उंदीरच सापाला कुरतडतो. पाठीच्या कण्यापर्यंत खाल्लेले साप डॉक्टरांकडे येतात. पण फ्रिजमधून काढलेला थंड, ओला उंदीर त्या ओठांच्या खाचांना दिसतच नाही. तो आधी फ्रिजमध्येच सावकाश वितळवावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा आणि वरून ३८-४० अंश झाला की कोरडा करून रात्री, दिवा मालवून, लांब चिमट्याने लपणाच्या तोंडाशी धरावा. मायक्रोवेव्ह नको, तो बाहेरून शिजतो आणि आतून फुटतो. सापाने मान मागे घेतली तर उंदीर तिथेच ठेवून आपण निघून जावे. सकाळी तसाच असेल तर टाकून द्यावा आणि पुढचे दहा दिवस विषय काढू नये. रोज रात्री नवा उंदीर नाचवणारा माणूस सापाला उंदराची भूक लावत नाही, चिमट्याची धास्ती बसवतो.

चवीचाही भाग असतो. लुइसेल्ली आणि आंजेलिची यांनी १९९८ मध्ये नायजेरियातल्या बॉल पायथनच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर झाडांवर चढून पक्षी बरेच खातात आणि माद्या सस्तन प्राणी अधिक खातात, असे त्यांना आढळले. हे वाचल्यावर पांढऱ्या पाळीव घुशीला नाक मुरडणारा नर कोंबडीच्या पिल्लाचा वास लागताच झेपावतो, या पाळणाऱ्यांच्या अनुभवाचा अर्थ लागतो. आफ्रिकेतला मऊ केसांचा उंदीर देऊन पाहिल्यावरही अनेक हट्टी साप वळतात. तो तर त्यांच्या मुलखातलाच.

भाचीने खापरीखालचा भुसा काढला, थर्मोस्टॅट बसवला, दुसरे लपण ठेवले आणि पेटीच्या तीन बाजू पुठ्ठ्याने झाकल्या. साप लगेच खाऊ लागला नाही. फेब्रुवारीही कोरडाच गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा संदेश आला, “मामा, घेतला!” वजन तेव्हा १,३५० ग्रॅम होते. ऊब कमी होती हे खरे आणि नराचा हंगाम होता हेही खरे. माझ्या मते दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. पारण्याला मी तिला लहानच उंदीर द्यायला सांगितला होता. आकसलेल्या आतड्यापुढे एकदम मोठे ताट वाढायचे नसते.

वर सांगितलेला धीर वाढलेल्या, भरलेल्या सापासाठी आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू पन्नास-साठ ग्रॅमचे असते, त्याच्याकडे शिल्लक फार थोडी असते. ते पहिल्या काताीनंतर काही आठवडे खात नसेल तर वाट पाहत बसू नये. आणि काही लक्षणांपुढे वयाचा प्रश्नच उरत नाही. श्वास घेताना तोंड उघडे राहणे, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळसर साका, खवल्यांमध्ये काळे गोचिडीसारखे कण, पाठीचा कणा वर येणे, मान मागे वळून आकाशाकडे लागणे, यांतले काहीही दिसले तर न खाणे हा आजाराचा भाग आहे. मान वळण्याच्या त्या भयंकर रोगाचे कारण बरीच वर्षे सापडत नव्हते. आपल्या आजारी बोआ सापासाठी एका मालकिणीने कॅलिफोर्नियातल्या जोसेफ डेरिसी या विषाणुशास्त्रज्ञाला पत्र लिहिले, आणि त्यांच्या गटाने २०१२ मध्ये त्यामागचे विषाणू शोधून काढले. पाळणाऱ्यांच्या काळजीतून विज्ञान पुढे गेल्याची ही एक चांगली गोष्ट.

भारतातही परदेशी साप आता येऊ लागले आहेत. बॉल पायथन ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले आहे. नोंद न केलेला साप आजारी पडला की मालक डॉक्टरकडे जायला बिचकतो, हा त्यातला वाईट भाग. आणि एरवीही, सरीसृपांवर उपचार करू शकणारा पशुवैद्य आपल्याकडे सहजी सापडत नाही. साप आणण्याआधी असा डॉक्टर आपल्या गावाच्या टापूत आहे का, हे पाहावे. नसेल तर साप आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुलखातून हा साप जगभर गेला तिथे, बेनिनमधल्या उइडा गावात, अजगरांचे एक देऊळ आहे. आतल्या गोल खोलीत बॉल पायथन एकमेकांवर पडून असतात, प्रवासी ते गळ्यात घालून फोटो काढतात. देवळातले लोक त्यांना भरवत बसत नाहीत. अधूनमधून रात्री दार उघडतात, साप गावात जातात, उंदीर धरतात किंवा धरत नाहीत. सकाळी कुणाच्या घरात एखादा सापडला तर घरचे लोक तो उचलून देवळात आणून सोडतात.